ज्या करारावर प्रमुखाची सही नव्हती: चेरोकी हद्दपारीचा प्रकरण अभ्यास (१८३२–१८३९)

अमेरिकेच्या आग्नेय भागातून चेरोकी आणि क्रीक (मस्कोगी) या मूळ रहिवासी लोकांना हुसकावून लावलं गेलं, याची गोष्ट बहुतेक वेळा एका चित्रात आटोपते: बर्फ, गाड्या आणि मागे बंदूकधारी शिपाई. ते चित्र खोटं नाही. पण बर्फ पडायच्या कितीतरी आधी हे काम मोजणीच्या नकाशांवर, मुखत्यारपत्रांवर आणि शिध्याच्या मक्त्यांवर झालेलं होतं. इथे भर आहे तो अशा जागांवर, जिथे कुणीतरी वेगळा निर्णय घेऊ शकत होतं. सार्वजनिक नोंदीतली माणसं नावानिशी आली आहेत. ज्या कुटुंबांनी नुकसानीचे दावे लावले, त्यांची नावं वगळली आहेत.

पार्श्वभूमी

१८३५ च्या शिरगणतीत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला १६,५४२ चेरोकी मोजले गेले. त्यांच्याबरोबर लग्नसंबंधाने आलेले २०१ गोरे होते, आणि चेरोकी मालकांनी गुलामगिरीत ठेवलेले १,५९२ काळे लोक. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा लागतो, कारण पुढच्या वाटचालीत तेही होते आणि त्यांना तर कुणीच काही विचारलं नाही.

मुलूख जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना या चार राज्यांत पसरलेला होता. मका, घेवडा, भोपळा ही पिकं, आणि घरामागे पीच-सफरचंदाची झाडं. सिक्वोयाने १८२१ मध्ये चेरोकी भाषेसाठी अक्षरमाला पूर्ण केली. १८२७ मध्ये लिखित राज्यघटना आली. फेब्रुवारी १८२८ मध्ये न्यू एकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे वृत्तपत्र चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघू लागलं. संपादक होते इलायस बुडिनॉट. त्याच वर्षी जॉन रॉस प्रमुखपदी आले.

जमिनीची व्यवस्था नीट समजली नाही तर पुढचं काहीच कळत नाही. जमीन सगळ्या राष्ट्राची सामाईक. घर, कसलेलं शेत, लावलेली झाडं मात्र त्या त्या कुटुंबाची. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर जसं एकेकाचं नाव चढतं, तसं काही नव्हतं. त्यामुळे एका माणसाला फितवून त्याचा तुकडा विकत घेण्याची सोयच नव्हती. विकायची तर सगळ्यांनी मिळून, परिषदेत. परिषदेच्या संमतीशिवाय जमीन देणाऱ्याला देहदंड हा रिवाज जुना होता. १८२९ मध्ये तो लेखी कायदा झाला.

जॉर्जियाला ही जमीन हवी होती आणि त्यासाठी त्यांच्या हातात १८०२ चा एक कागद होता. जॉर्जियाने पश्चिमेकडच्या आपल्या दाव्याचा मुलूख केंद्र सरकारला द्यायचा, आणि केंद्राने जॉर्जियाच्या हद्दीतला इंडियनांचा (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा) जमिनीवरचा हक्क शांततेने व वाजवी अटींवर संपवायचा, असा तो व्यवहार होता. ज्यांच्या जमिनीबद्दल तो झाला, ते त्यात पक्षकारच नव्हते. १८२८-२९ च्या सुमारास डालोनेगा भागात सोनं सापडलं आणि घाई वाढली. १ जून १८३० पासून जॉर्जियाने चेरोकी मुलखावर आपला कायदा लागू केला आणि चेरोकी कायदे रद्द ठरवले. गोरा माणूस पक्षकार असेल तर चेरोकीची साक्ष चालणार नाही, अशी तरतूद त्यात होती. वरवर हे एक लहानसं कलम दिसतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की शेजाऱ्याने भरदिवसा घोडा सोडून नेला आणि दहा चेरोकींनी तो डोळ्यांनी पाहिला, तरी खटला उभा राहत नाही.

कायद्यातली अट

२८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी स्थलांतर कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला होता. या कायद्याने बळजबरीने हाकलायचा अधिकार दिला नव्हता. पूर्वेची जमीन घेऊन पश्चिमेची देण्याचे करार करायचे, एवढीच परवानगी होती. म्हणजे करार झाल्याशिवाय पाऊल उचलता येत नव्हतं. पुढच्या पाच वर्षांतली सगळी खटपट एका गोष्टीसाठी होती: कायद्याच्या कसोटीला उतरेल अशी कुणाची तरी सही मिळवायची.

शेजारी काय घडत होतं: क्रीकांचा मार्ग

चेरोकी नेत्यांसमोर एक चालतं उदाहरण होतं. अलाबामातल्या क्रीकांनी २४ मार्च १८३२ रोजी कसेटाचा करार केला. सुमारे ५० लाख एकरांचा सामाईक मुलूख सोडायचा, आणि त्याबदल्यात ९० प्रमुखांना प्रत्येकी ६४० एकर व इतर प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ३२० एकर स्वतःच्या नावावर मिळायची. ज्याला जायचं त्याने विकून जावं, ज्याला राहायचं त्याने राहावं. कुणालाही जायला भाग पाडलं जाणार नाही, हे करारात लिहिलेलं होतं. तोपर्यंत घुसखोर गोऱ्यांना सरकार बाहेर काढेल, असंही.

कागदावर ही तडजोड बरी वाटते. ती फसली कशी, हे पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. घुसखोरांना काढलं गेलं नाही, तिथेच पहिली अट मोडली. मग नोंदणीत कुणाच्या वाट्याला कोणता तुकडा आला हे जाहीर झालं, आणि जमिनीच्या दलालांना नाव-पत्त्याची तयार यादीच मिळाली. विक्री सरकारी दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर व्हावी आणि राष्ट्राध्यक्षांनी ती मंजूर करावी, असा बंदोबस्त होता. पण तो अधिकारी कुणालाही तोंडाने ओळखत नव्हता. दलालांनी तोतये उभे केले. एकाच्या जमिनीसाठी दुसराच क्रीक हजर व्हायचा, मालकाचं नाव सांगायचा, फुली मारायचा आणि थोडे पैसे घेऊन निघून जायचा. कधी खरा मालकच आणला जायचा, पण अधिकाऱ्यासमोर हातात मोजलेले डॉलर दाराबाहेर परत काढून घेतले जायचे. कधी उधारीवर दारू आणि सामान देऊन कर्जाच्या बदल्यात जमीन लिहून घेतली जायची. मालक मेला असेल तर जिल्हा न्यायालयातून त्याच्या मिळकतीवर गोरा व्यवस्थापक नेमला जायचा. आपलं शेत विकलं गेलं, हे बऱ्याच कुटुंबांना नवा मालक दारात उभा राहिल्यावर कळलं.

चौकशी सुरू झाली, पण ती संपायच्या आत मे १८३६ मध्ये उपाशी आणि बेघर झालेल्या काही क्रीकांनी शस्त्र उचललं. मग फसवणुकीचा प्रश्न बाजूला पडला आणि तो बंडाचा प्रश्न झाला. नेआमाथला यांच्यासह सुमारे अडीच हजार लोकांना मॉन्टगोमेरीपर्यंत नेलं गेलं, त्यांतल्या पुरुषांना बेड्या घालून, आणि तिथून नदीने पश्चिमेला पाठवलं. बंडात नसलेल्या हजारो लोकांचंही स्थलांतर त्याच वर्षी उरकलं, माणशी साडेअठ्ठावीस डॉलरच्या मक्त्यावर. दर माणशी ठरलेला असल्यामुळे शिधा जितका कमी आणि मुक्काम जितके थोडे, तितका मक्तेदाराचा फायदा अधिक. ऑक्टोबर १८३७ च्या शेवटी ‘मॉनमथ’ या गच्च भरलेल्या आगबोटीची मिसिसिपीत रात्री दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि तीनशेहून अधिक क्रीक बुडाले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरचे पुरुष त्याआधी फ्लोरिडात अमेरिकी सैन्याच्याच बाजूने लढायला गेले होते.

व्यक्तिगत नावावर जमीन घेणं म्हणजे संरक्षण नव्हे, हा धडा रॉस यांनी यातून घेतला. तो बरोबर होता.

समोर असलेले पर्याय

पहिला रस्ता न्यायालयाचा. १८३१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींना परकीय राष्ट्र मानलं नाही. ‘देशांतर्गत अवलंबून असलेलं राष्ट्र’ म्हटलं आणि सुनावणीच नाकारली. मार्च १८३२ मध्ये सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याच्या खटल्यात मात्र निकाल चेरोकींच्या बाजूने लागला: त्यांच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत. जॉर्जियाने तो मानला नाही आणि वूस्टर जानेवारी १८३३ पर्यंत तुरुंगातच राहिले. याच १८३२ मध्ये जॉर्जियाने चेरोकी मुलखाचे १६० एकरांचे भूखंड, आणि सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे, मोजून आपल्या नागरिकांमध्ये सोडतीने वाटायला सुरुवात केली. १८३५ मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घरात सोडत लागलेला माणूस राहत होता. ते कुटुंबाला घेऊन राज्याची हद्द ओलांडून टेनेसीत गेले आणि तिथल्या साध्या लाकडी घरातून राष्ट्राचा कारभार पाहू लागले.

दुसरा रस्ता वेळ काढायचा. शिष्टमंडळं पाठवायची, अर्ज करायचे, जॅक्सन यांची मुदत संपायची वाट पाहायची. रॉस यांनी मुख्यतः हेच केलं.

तिसरा रस्ता म्हणजे जे टळणार नाही त्याचा निदान भाव तरी चांगला मिळवायचा. मेजर रिज, त्यांचे पुत्र जॉन रिज आणि पुतणे बुडिनॉट या मताला आले. हे लोक सुरुवातीला स्थलांतराचे कट्टर विरोधक होते. परवानगीशिवाय जमीन दिल्याबद्दल डबलहेड या प्रमुखाला १८०७ मध्ये मारणाऱ्यांत खुद्द मेजर रिज होते. त्यांना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण निकाल लागूनही घुसखोर हटत नाहीत हे दिसल्यावर त्यांचा धीर सुटला, आणि त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. चुकली ती पद्धत. त्यांच्याकडे अधिकार नव्हता.

इथे रॉस यांचीही एक चूक नोंदवायला हवी. स्थलांतराच्या बाजूचे विचार वृत्तपत्रात छापू द्यायला त्यांनी नकार दिला आणि बुडिनॉट यांनी १८३२ मध्ये संपादकपद सोडलं. संकटात एकजूट दिसावी हा हेतू समजण्यासारखा आहे. पण वाद छापला गेला नाही म्हणून मिटला नाही. तो खाजगी बैठकांत गेला आणि तिथे सरकारी माणसांच्या हाती लागला. उघड परिषदेत ‘जायचंच झालं तर कोणत्या किमान अटींवर’ हा प्रश्न वेळीच चर्चेला आला असता, तर अल्पमताशी परस्पर सौदा करायला जागा कमी उरली असती.

करार कसा उभा केला गेला

१८३५ च्या सुरुवातीला रॉस यांनी दोन कोटी डॉलरची मागणी केली. सिनेटने ५० लाख सुचवले. ऑक्टोबरमध्ये रेड क्ले इथल्या मोठ्या परिषदेने ५० लाखांचा मसुदा फेटाळला. नोव्हेंबरमध्ये जॉर्जियाच्या सशस्त्र दलाने टेनेसीच्या हद्दीत शिरून रॉस यांना पकडून नेलं आणि काही दिवस डांबून ठेवलं. डिसेंबरमध्ये सरकारी आयुक्त शेर्मरहॉर्न यांनी न्यू एकोटाला बैठक बोलावली. जे येणार नाहीत त्यांची संमती आहे असं समजलं जाईल, अशी नोटीस काढली गेली. सोळा हजारांपैकी काही शे माणसं आली. २९ डिसेंबर १८३५ रोजी बुडिनॉट यांच्या घरी सुमारे वीस जणांनी सह्या केल्या. प्रमुखाची सही नव्हती. परिषदेचा ठरावही नव्हता.

मूळ मसुद्यात एक कलम होतं: ज्यांना मागे राहायचं आहे आणि जे राज्याचे नागरिक व्हायला तयार आहेत, त्यांना १६० एकरांपर्यंत जमीन राखता येईल. जॅक्सन यांना ते पटलं नाही आणि मार्च १८३६ च्या पुरवणी कलमांत ते काढून टाकलं गेलं. कराराच्या बाजूने सह्या करणाऱ्यांपैकी काहींचा आधारच त्या कलमावर होता. नंतर अटी बदलता येतात, हे माहीत असूनही सही आधी देऊन टाकली गेली होती.

रॉस यांनी विरोधात सुमारे पंधरा हजार सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला नेले. मे १८३६ मध्ये सिनेटने करार ३१ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला. दोनतृतीयांश बहुमत लागत होतं. आणखी एक मत फिरलं असतं तर तो पडला असता. मुदत दोन वर्षांची: २३ मे १८३८.

त्या दोन वर्षांत मूल्यांकन करणारे अधिकारी गावोगाव फिरले. खोपटाची लांबी-रुंदी, मक्याची कणगी, कुंपण, पीचची झाडं किती, सफरचंदाची किती आणि प्रत्येकाची किंमत काय, असा सगळा पंचनामा झाला. आपलं झाड मोजू दिलं तर करार मान्य केल्यासारखं होईल, म्हणून कित्येकांनी या मोजणीला सहकार्यच केलं नाही. रॉस शेवटच्या महिन्यापर्यंत वाटाघाटी करत होते आणि लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता. सुमारे दोन हजार माणसं आधी निघून गेली. बाकीच्यांनी १८३८ च्या वसंतात नेहमीप्रमाणे मका पेरला.

धरपकड आणि छावण्या

मे १८३८ मध्ये जनरल विन्फिल्ड स्कॉट सुमारे सात हजार सैनिकांसह आले. त्यांत बहुतेक आसपासच्या राज्यांचे स्वयंसेवक होते, म्हणजे ज्यांच्या भाऊबंदांना तीच शेतं मिळणार होती असेही त्यांत होते. लोकांशी माणुसकीने वागा, असे स्कॉट यांचे लेखी आदेश होते. २६ मेपासून जॉर्जियात धरपकड सुरू झाली. शिपाई घराला वेढा घालायचे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, हाताला लागेल तेवढं घेऊन माणसांना बाहेर काढायचे. गुरं गोठ्यात, चूल पेटलेली. मागोमाग लुटारू. ओंडक्यांच्या कुंपणाच्या लहान ठाण्यांतून त्यांना फोर्ट कॅस, रॉसेस लँडिंग आणि फोर्ट पेन इथल्या मोठ्या तळांवर हलवलं गेलं.

पकडण्याची तयारी पूर्ण होती आणि हलवण्याची अर्धवट, हीच या मोहिमेतली सगळ्यांत महाग चूक. तीन आठवड्यांत हजारो माणसं गोळा झाली. बोटी मात्र टप्प्याटप्प्याने निघणार होत्या. ६ जूनच्या पहिल्या तुकडीत सुमारे सहाशे जण होते. मसल शोल्स इथल्या खडकाळ पात्राला त्यांनी रेल्वेने वळसा घातला आणि टेनेसी, ओहायो, मिसिसिपी, आर्कान्सा अशा नद्यांनी १९ जूनला पश्चिमेच्या नव्या मुलखातला फोर्ट कॉफी गाठला. वाटेत शंभरावर लोक निसटले, पण अधिकाऱ्याच्या नोंदीत एकही मृत्यू नाही. आठवड्याभराने निघालेल्या सुमारे ८७५ जणांच्या दुसऱ्या तुकडीला आर्कान्सा नदीत पाणीच मिळालं नाही. बोटी अडकल्या आणि जुलैच्या उन्हात खुश्कीने जावं लागलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचेपर्यंत सुमारे ७० जण दगावले. १७ जूनला निघालेल्या तिसऱ्या तुकडीत सुमारे १,०७० जण होते. पुढची रवानगी थांबवल्याची बातमी त्यांना वाटेत कळली. आम्हालाही परत न्या, म्हणून त्यांनी मागणी केली. ती नाकारल्यावर कित्येकांनी गाड्यांतून गाठोडी खाली टाकली आणि ते रानात पळाले. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचेपर्यंत १४६ मृत्यूंची नोंद झाली.

तेरा दिवस आणि शून्य, मग सुमारे आठ आठवडे आणि सत्तर, मग अकरा आठवडे आणि एकशे शेहेचाळीस. मार्ग जवळपास तोच. फरक पाण्याच्या पातळीचा आणि कोंडवाड्यात आधी घालवलेल्या दिवसांचा.

दुष्काळ पाहून स्कॉट यांनी १९ जूनला उरलेली रवानगी सप्टेंबरपर्यंत थांबवली. निर्णय योग्य होता, पण लोकांना घरी सोडण्यात आलं नाही. उन्हाळाभर ते छावणीत राहिले. ओढे आटलेले, पिण्याचं आणि शौचाचं पाणी एकच, शिधा म्हणून खारवलेलं डुकराचं मांस आणि गव्हाचं पीठ, जे रांधायची अनेकांना सवय नव्हती. हगवण, गोवर आणि डांग्या खोकला पसरला. आधी लहान मुलं गेली, मग म्हातारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेलं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्या जुन्या जाणत्यांची एक फळीच इथे गेली: औषधाची झाडं ओळखणारे, मंत्र-विधी जाणणारे.

मक्ता स्वतःकडे घेण्याचा निर्णय

जुलैमध्ये चेरोकी परिषदेने स्कॉट यांच्यापुढे मागणी ठेवली: जायचंच आहे तर व्यवस्था आमच्या हाती द्या. स्कॉट यांनी मान्य केलं. या प्रकरणातला हा एकमेव मोठा निर्णय, जो चेरोकींनी स्वतः घेतला आणि जो अमलात आला.

अंदाजपत्रक असं होतं. हजार माणसांची तुकडी, प्रवास ८० दिवस. २० माणसांमागे एक गाडी, म्हणजे हजारामागे ५० गाड्या, आणि गाडीमागे पाच जादा घोडे, म्हणजे २५०. शिधा दररोज माणशी १६ सेंट, म्हणजे ८० दिवसांचे १२ डॉलर ८० सेंट. घोड्यामागे दररोज ४० सेंट. त्यावर गाड्यांचं भाडं आणि चारा, त्या परत आणण्याचा खर्च, नावेचं भाडं, तुकडीचे म्होरके आणि वैद्य. सगळं मिळून माणशी सुमारे ६५ डॉलर, क्रीकांच्या मक्त्याच्या दुपटीहून जास्त. निवृत्त जॅक्सन यांनी यावर जोरदार हरकत घेतली. पण आकडा नीट पाहिला तर निम्म्याहून अधिक पैसा गाड्या आणि जनावरांवर आहे. २० माणसांमागे एक गाडी याचा अर्थ गाडीत भांडी, घोंगड्या, आजारी आणि अगदी म्हातारे एवढेच मावतात. बाकी सगळे पायी. दर कमी केला असता, तर आजाऱ्यांनाही चालावं लागलं असतं.

ऑगस्टअखेरीस पहिल्या तुकड्या निघाल्या, पण पाणी आणि चारा नसल्याने थांबवाव्या लागल्या. बहुतेक तुकड्या ऑक्टोबरात मार्गाला लागल्या. एकूण तुकड्या तेरा: बारा खुश्कीने आणि आजारी-वृद्धांची एक बोटीने. बहुतेकांचा मार्ग नॅशव्हिल, केंटकीतलं हॉपकिन्सव्हिल, मग ओहायो ओलांडून इलिनॉयचं दक्षिण टोक, मिसिसिपी ओलांडून मिझुरी आणि तिथून इंडियन टेरिटरी (पश्चिमेला नेमून दिलेला मुलूख, आजच्या ओक्लाहोमात) असा होता. साधारण ८०० मैल.

या मार्गाची कल्पना आधीच होती. १८३७ च्या शरदात सुमारे ३६५ जणांची एक तुकडी त्याच वाटेने गेली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर निघून डिसेंबरच्या शेवटी पोहोचली आणि वाटेत १५ जण गेले. त्या लहान तुकडीला जे अडीच महिने लागले, तेच ८० दिवस मोठ्या अंदाजपत्रकातही धरले गेले. पण एकामागून एक हजार-हजार माणसं त्याच रस्त्याने गेली, की मागच्यांना चिखल झालेला रस्ता, चरून संपलेलं गवत आणि तोडून नेलेलं सरपण मिळतं. कंबरलँडच्या डोंगरात पथकर नाक्यावर गाडीमागे ७३ सेंट आणि घोड्यामागे १२ सेंट घेतले गेले. गुलामगिरीत असलेल्या लोकांकडे वाटेतली झाडं तोडून रस्ता मोकळा करणं, शिकार आणि रात्रीचे पहारे ही कामं होती. वयोवृद्ध प्रमुख व्हाइटपाथ हॉपकिन्सव्हिलजवळ वारले आणि तिथेच त्यांना पुरलं. जानेवारीत मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहू लागले आणि नावा चालेनात. पुढच्या तुकड्या पार झाल्या होत्या. मागच्या इलिनॉयच्या उघड्यावर आठवडेच्या आठवडे अडकल्या. पहिली तुकडी जानेवारी १८३९ च्या सुरुवातीला पोहोचली, शेवटची मार्चच्या शेवटी. ८० दिवसांत कुणीच पोहोचलं नाही.

परिणाम

तुकड्यांच्या नोंदींतले मृत्यू काही शेच भरतात. छावण्यांतले आणि पोहोचल्यावर पहिल्या वर्षातले त्यांत नाहीत. सोबत चाललेले मिशनरी वैद्य एलायझर बटलर यांचा अंदाज चार हजारांहून अधिक होता आणि आजही तोच सर्वाधिक सांगितला जातो.

जादा दिवसांचे पैसे जॅक्सन यांच्यानंतर आलेल्या व्हॅन ब्युरेन सरकारने नाकारले. पुढच्या सरकारने १८४१ मध्ये रॉस यांना सुमारे ४ लाख ८७ हजार डॉलर दिले. आणि स्थलांतराचा खर्च मुळात चेरोकींना जमिनीपोटी मिळायच्या रकमेतूनच वळता केला जात होता.

२२ जून १८३९ रोजी मेजर रिज, जॉन रिज आणि बुडिनॉट यांना एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठार मारण्यात आलं. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना झाली आणि टालेक्वा राजधानी ठरली, पण दोन गटांतला सूड बरीच वर्षं धुमसत राहिला. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत सुमारे हजारभर माणसं राहिली. त्यांत ओकोनालफ्टीचे लोक होते, ज्यांच्या जमिनी राष्ट्राच्या हद्दीबाहेर होत्या आणि ज्यांनी स्वतःला राज्याचे नागरिक म्हणवून घेतलं होतं. आजची ‘ईस्टर्न बँड’ ही चेरोकी जमात त्यांचीच. अलाबामात पोर्च क्रीकही तसेच टिकले.

कागद दोन्ही बाजूंनी चालतो, हे मात्र नंतर दिसलं. न्यू एकोटाच्या कराराच्या सातव्या कलमात काँग्रेसमध्ये चेरोकी प्रतिनिधी बसवण्याची तरतूद होती. त्याच्या आधारे चेरोकी नेशनने २०१९ मध्ये किम्बर्ली टीही यांचं नाव दिलं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की करारांनी क्रीकांना दिलेला ओक्लाहोमातला राखीव प्रदेश काँग्रेसने कधी रद्दच केलेला नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सिनेटला करारातली त्रुटी माहीत होती. पंधरा हजार सह्या टेबलावर होत्या. तिथे करार पडला असता तर चेरोकी कायमचे राहिले असते, असं म्हणवत नाही. जॉर्जियाचा दाब कायमच होता. पण पुढचा करार रॉस यांच्याशी करावा लागला असता. त्यात किंमत, वेळ आणि मागे राहण्याचा हक्क या तिन्ही गोष्टी बोलायला मिळाल्या असत्या, आणि जून १८३९ चे खून घडले नसते.

रॉस यांच्या बाजूने पाहिलं, तर १८३७ नंतर दोन तयाऱ्या बरोबरीने चालवता आल्या असत्या: वॉशिंग्टनमध्ये विरोध आणि घरी प्रवासाची जुळवाजुळव. तयारी दिसली की विरोध लटका पडतो, ही त्यांची भीती खरी होती. मात्र त्या भीतीची किंमत अशी झाली, की मे महिन्यात एकाही घरात गाठोडं बांधलेलं नव्हतं.

आणि स्कॉट यांचा प्रश्न. जूनमध्ये रवानगी थांबवताना त्यांना ठाऊक होतं की सप्टेंबरपर्यंत कुणी हलणार नाही. नावांच्या याद्या हातात होत्या आणि परिषदेने जाण्याची जबाबदारी पुढच्याच महिन्यात स्वतःवर घेतली. त्या जबाबदारीवर, गावोगावच्या प्रमुखांना जामीन ठेवून, कुटुंबांना अडीच-तीन महिने घरी परत पाठवता आलं असतं. जिथे सोडतवाले घुसले होते, तिथे निदान ओढ्याकाठी लहान-लहान गटांत पांगवता आलं असतं. एका ओढ्यावर हजारो माणसं बसली नसती तर हगवण एवढी पसरली नसती. मेमध्ये मागे टाकलेला मका सप्टेंबरला खुडायला आला. तो बहुतेक ठिकाणी सोडत लागलेल्यांनी खुडला.